शाळांवरून लढलेली निवडणूक आणि गव्हर्नरच्या हातातल्या गोष्टी

२८ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात गव्हर्नरपदाच्या दोन उमेदवारांचं डिबेट झालं. डेमोक्रॅटिक पक्षाचे टेरी मॅकॉलिफ बोलण्याच्या भरात म्हणून गेले की, शाळांनी काय शिकवावं हे पालकांनी सांगावं असं मला वाटत नाही. समोर रिपब्लिकन पक्षाचे ग्लेन यंगकिन होते. त्यांच्या प्रचारकांनी ते वाक्य उचललं, त्याची जाहिरात केली आणि मतदानापर्यंत ते वाजवत ठेवलं. २ नोव्हेंबरला यंगकिन सुमारे दोन टक्क्यांच्या फरकाने जिंकले. वर्षभर आधी याच राज्याने बायडन यांना दहा टक्क्यांच्या आघाडीने मतं दिली होती. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीत लोकांनी सांगितलेल्या मुद्द्यांमध्ये अर्थव्यवस्थेच्या खालोखाल शिक्षण होतं.

तेव्हापासून ही निवडणूक ‘पालकांची निवडणूक’ म्हणून ओळखली जाते. तिच्या निमित्ताने एक प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे. गव्हर्नरपदाचे उमेदवार शाळांविषयी जी आश्वासनं देतात, त्यांतलं खरोखर त्यांच्या हातात किती असतं? माझं मत आधीच सांगते. जे त्यांच्या हातात सगळ्यात कमी असतं त्यावर प्रचारात सगळ्यात जास्त आवाज होतो आणि जे पूर्णपणे त्यांच्या आणि विधिमंडळाच्या हातात असतं त्याबद्दल जवळजवळ शांतता असते. यात नुकसान मुलांचं होतं, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

अमेरिकेतला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो. लोक त्याला थेट निवडून देतात. राज्याचं सरकार तो चालवतो, अर्थसंकल्प मांडतो, विधेयकावर सही करतो किंवा व्हेटो वापरून ते परत पाठवतो. अधिकारांच्या बाबतीत तो मुख्यमंत्र्याच्या जवळचा. व्हर्जिनियात मात्र गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नाही. मॅकॉलिफ २०१४ ते २०१८ या काळात गव्हर्नर होते, एक मुदत बाहेर राहून ते पुन्हा उभे होते. अध्यक्षीय निवडणुकीच्या पुढच्याच वर्षी गव्हर्नर निवडणारी राज्यं दोनच, व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी. त्यामुळे वॉशिंग्टनचे सगळे राजकीय निरीक्षक त्या शरद ऋतूत इथेच डोळे लावून बसतात आणि गावातल्या शाळेचं भांडणसुद्धा देशाचं भांडण होऊन बसतं.

त्या एका वाक्याने निवडणूक फिरली असं म्हणतात. मला ते पुरेसं वाटत नाही. ठिणगी पडायला खाली वाळलेलं गवत लागतं आणि ते दीड वर्षं साठत होतं.

वाक्यामागचा संदर्भ जुना होता. फेअरफॅक्स काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एका आईने बारावीच्या मुलाला वाचायला लावलेल्या ‘बिलव्हेड’ या टोनी मॉरिसन यांच्या कादंबरीवर आक्षेप घेतला होता. गुलामगिरीतून सुटलेल्या एका स्त्रीची ही कथा, १९८८ चं पुलित्झर पारितोषिक मिळालेली. त्यात अत्याचाराची अंगावर येणारी वर्णनं आहेत. लैंगिक वर्णन असलेलं साहित्य वर्गात वापरायचं असेल तर पालकांना आधी कळवावं आणि मागितल्यास दुसरं पुस्तक द्यावं, असं विधेयक विधिमंडळाने केलं. दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी त्याला मतं दिली होती. मॅकॉलिफ यांनी २०१६ मध्ये ते व्हेटो केलं, २०१७ मध्ये तसंच विधेयक पुन्हा आलं तेव्हाही केलं. डिबेटमध्ये यंगकिन यांनी हेच उकरून काढलं आणि मॅकॉलिफ आपल्या व्हेटोचं समर्थन करायला गेले.

पण ज्यांनी ही जाहिरात पाहिली त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या मनात ते पुस्तक होतं. त्यांच्या मनात होती घरातली मार्च २०२० नंतरची दृश्यं. व्हर्जिनियाच्या उत्तर भागातल्या मोठ्या काउंट्यांमध्ये शाळा बराच काळ ऑनलाइनच राहिल्या. नोकरी करणारी आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर मीटिंगमध्ये, शेजारी सहा वर्षांचं मूल लॅपटॉपवर म्यूट होऊन बसलेलं. खासगी शाळा उघडल्या, शेजारची राज्यं उघडली, आपली का नाही, असं विचारणारे बरेच जण एरवी डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारे होते. त्यांची चिंता खोटी नव्हती. २०२२ मध्ये राष्ट्रीय चाचणीचे निकाल आले तेव्हा व्हर्जिनियातल्या चौथीच्या मुलांचे वाचनातले सरासरी गुण २०१९ च्या मानाने १० अंकांनी खाली आले होते. देशातल्या सर्वांत मोठ्या घसरणींपैकी ती एक होती.

त्यात लाउडन काउंटी पेटली. वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाच्या आसपासचा हा भाग, श्रीमंत आणि झपाट्याने वाढलेला. इथल्या स्कूल बोर्डाने, म्हणजे स्थानिक शाळा चालवणाऱ्या मंडळाने, शिक्षकांसाठी वांशिक समतेचं प्रशिक्षण सुरू केलं होतं आणि ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांसाठी नवं धोरण आणलं जात होतं. २२ जून २०२१ च्या बैठकीत बोलायला शेकडो लोकांनी नावं दिली. अशा बैठकीत लोकांसाठी माइक असतो, नाव पुकारलं की मोजकी मिनिटं बोलायचं, वेळ संपली की थांबायचं. त्या दिवशी आरडाओरडा इतका झाला की बोर्डाने लोकांचं बोलणंच बंद केलं, बैठक बेकायदा जमाव म्हणून जाहीर झाली आणि पोलिसांनी अटका केल्या. त्याआधी मे महिन्यात काउंटीच्या एका हायस्कूलमध्ये विद्यार्थिनीवर लैंगिक अत्याचार झाला होता. आरोपी विद्यार्थ्याची दुसऱ्या शाळेत बदली झाली आणि ऑक्टोबरमध्ये तिथे दुसऱ्या मुलीवर अत्याचार झाला. पुढे चौकशीसाठी नेमलेल्या नागरिकांच्या विशेष ग्रँड ज्युरीने डिसेंबर २०२२ मध्ये शाळा प्रशासनावर कडक ताशेरे ओढले आणि बोर्डाने अधीक्षकांना काढून टाकलं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, प्रचाराच्या ऐन रंगात, ही बातमी घराघरांत होती.

‘क्रिटिकल रेस थिअरी’ हे शब्द याच काळात सगळ्यांच्या तोंडी बसले. मूळ विचार कायद्याच्या महाविद्यालयांतला, १९७० च्या दशकापासूनचा. वंशभेद केवळ माणसांच्या मनात नसतो, तो कायद्यांच्या आणि संस्थांच्या रचनेतही मुरलेला असतो, अशी ती मांडणी आहे. व्हर्जिनियाच्या राज्य अभ्यासक्रमात ही थिअरी शिकवायला सांगितलेली नव्हती. पण शिक्षकांच्या प्रशिक्षणाची साधनं पालकांच्या हाती पडली होती आणि आपल्या मुलांना आता गोरं-काळं या चष्म्यातून पाहिलं जाणार अशी भीती अनेकांना वाटू लागली. मॅकॉलिफ म्हणत राहिले की असं काही शिकवलंच जात नाही. चिडलेल्या माणसाला तुमची तक्रार अस्तित्वातच नाही असं सांगितलं की तो आणखी चिडतो. यंगकिन यांनी आश्वासन दिलं की पदावर आल्या दिवशीच ही थिअरी शाळांतून हद्दपार करतो. मुखपट्टी घालायची की नाही हे पालकांवर सोडतो. किमान २० चार्टर शाळा सुरू करतो, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या शाळा. मॅकॉलिफ यांचं मुख्य आश्वासन होतं शिक्षणावर वर्षाला दोन अब्ज डॉलर जादा खर्च करण्याचं आणि शिक्षकांचे पगार देशाच्या सरासरीच्या वर नेण्याचं. त्याचा मागमूस प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यांत उरला नाही.

आता शाळेच्या कारभाराची उतरंड पाहू.

व्हर्जिनियाच्या १९७१ च्या राज्यघटनेत आठवं कलम शिक्षणाचं आहे. मोफत सार्वजनिक शाळा पुरवणं हे विधिमंडळाचं काम. वर नऊ सदस्यांचं राज्य शिक्षण मंडळ, त्यांना गव्हर्नर नेमतो आणि विधिमंडळ मान्यता देतं. हे मंडळ ‘स्टँडर्ड्स ऑफ लर्निंग’ ठरवतं, म्हणजे कुठल्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं. राज्याचा शिक्षण अधीक्षकही गव्हर्नरच नेमतो. पण याच कलमात स्पष्ट लिहिलं आहे की शाळांची देखरेख स्थानिक स्कूल बोर्डाकडे राहील. राज्यात असे सुमारे १३० शालेय विभाग आहेत आणि त्यांची बोर्डं बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडलेली असतात. शिक्षक नेमणं, पुस्तकं निवडणं, शाळांच्या हद्दी आखणं, प्रवेशाचे नियम करणं, शाळा बंद ठेवणं-उघडणं हे मुख्यतः त्यांचं काम. बालभारतीचं एकच पुस्तक राज्यभर वाचून मोठं झालेल्या आपल्यासारख्यांना हे लवकर पचनी पडत नाही. शेजारशेजारच्या दोन काउंट्यांत एकाच इयत्तेच्या मुलांची पुस्तकं, वेळापत्रक, सुट्ट्या, सगळं वेगळं असू शकतं आणि गव्हर्नर त्यात थेट हात घालू शकत नाही.

यंगकिन यांची आश्वासनं या उतरंडीवर ठेवून पाहिली की चित्र उलगडतं.

१५ जानेवारी २०२२ ला शपथ घेतल्या दिवशी त्यांनी एकूण ११ आदेश आणि निर्देशांवर सह्या केल्या. पहिला होता ‘मुळातच फूट पाडणाऱ्या संकल्पना’ शाळांतून काढून टाकण्याचा. त्याने काय झालं? राज्याच्या शिक्षण खात्याने स्वतः प्रसिद्ध केलेली समतेविषयीची मार्गदर्शक कागदपत्रं आणि कार्यक्रम मागे घेण्यात आले. ते खातं गव्हर्नरच्या अखत्यारीतलं, त्यामुळे तिथे हुकूम चालला. वर्गात काय बोललं जातं यावर हुकूम चालवायला त्यांच्याकडे यंत्रणाच नव्हती. ‘फूट पाडणारं’ काही दिसलं तर पालकांनी कळवावं म्हणून एक ई-मेल पत्ता जाहीर झाला. काही महिन्यांत, सप्टेंबर २०२२ मध्ये, तो गाजावाजा न करता बंद झाला.

दुसरा आदेश मुखपट्टीचा. सात स्कूल बोर्डांनी कोर्टात धाव घेतली. त्यांचं म्हणणं घटनेच्या त्याच वाक्यावर उभं होतं, की देखरेख आमची आहे. ४ फेब्रुवारीला आर्लिंग्टनच्या न्यायाधीशांनी आदेशाला तात्पुरती स्थगिती दिली. मग विधिमंडळाने, काही डेमोक्रॅट सेनेटरांच्या साथीने, कायदाच केला आणि १ मार्चपासून मुखपट्टी ऐच्छिक झाली. जे आदेशाने अडलं ते कायद्याने झालं. चार्टर शाळांना मान्यता देण्याचा अधिकारही स्थानिक बोर्डांचाच, आणि बोर्डं आपल्या वाट्याचा पैसा आणि मुलं सहजासहजी दुसरीकडे जाऊ देत नाहीत. तेव्हा ते आश्वासन बाजूला पडलं आणि विद्यापीठांच्या भागीदारीत चालणाऱ्या ‘लॅब स्कूल’साठी अर्थसंकल्पात १० कोटी डॉलर ठेवले गेले.

गव्हर्नरची खरी पकड दिसली ती नेमणुकांतून. २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत राज्य शिक्षण मंडळात यंगकिन यांनी नेमलेल्यांचं बहुमत झालं. इतिहासाचा अभ्यासक्रम दर सात वर्षांनी नव्याने ठरतो, तो नेमका याच वेळी मंडळापुढे होता. आधीच्या प्रशासनात तयार झालेला मसुदा बाजूला ठेवून नोव्हेंबरमध्ये नवा मसुदा आला. त्यात अमेरिकेच्या मूलनिवासींना ‘पहिले स्थलांतरित’ म्हटलेलं होतं. त्यावरून एवढी टीका झाली की गव्हर्नरच्याच माणसांचं बहुमत असलेल्या मंडळाने तो परत पाठवला. सुधारलेला अभ्यासक्रम एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झाला. मतपत्रिकेवर या नऊ जणांची नावं कधी नसतात. प्रचारात कुणी विचारतही नाही की तुम्ही मंडळावर कुणाला नेमाल. मुलं पुढची सात वर्षं काय शिकणार हे मात्र त्यांनीच ठरवलं.

मराठी घरांत या निवडणुकीची चर्चा झाली ती बहुतेक दुसऱ्याच एका शाळेमुळे. फेअरफॅक्स काउंटीतलं थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी, सगळ्यांच्या तोंडी ‘टीजे’. देशातल्या सर्वोत्तम सरकारी शाळांत तिची गणना होते. उत्तर व्हर्जिनियात आयटीच्या नोकऱ्यांसाठी आलेल्या भारतीय कुटुंबांना मूल सहावी-सातवीत गेलं की टीजेचे वेध लागतात, जसे इकडे आयआयटीचे. प्रवेशपरीक्षा, तिचे क्लासेस, शंभर डॉलरची अर्ज फी, असा सगळा मामला होता. २०२० मध्ये ४८६ मुलांना प्रवेश देऊ केला गेला. त्यांत सुमारे ७३ टक्के आशियाई वंशाची होती आणि कृष्णवर्णीय मुलांची संख्या इतकी कमी, की काउंटीने ती जाहीरच केली नाही. त्या वर्षी जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर देश ढवळून निघाला होता. फेअरफॅक्सच्या स्कूल बोर्डाने परीक्षा आणि फी दोन्ही रद्द केली आणि प्रत्येक मिडल स्कूलच्या आठवीच्या पटाच्या दीड टक्के इतक्या जागा त्या शाळेसाठी राखल्या. पुढच्या वर्षी निवडलेल्या ५५० मुलांत आशियाईंचं प्रमाण ५४ टक्क्यांवर आलं, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचं वाढलं.

पालकांचा एक गट न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयाने नवं धोरण घटनाबाह्य ठरवलं, मे २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. म्हणजे धोरण टिकलं.

टीजेचा सरकारी दर्जा ‘गव्हर्नर्स स्कूल’ असा आहे. नावातच गव्हर्नर आहे, पण प्रवेशाचा नियम स्थानिक बोर्डाने केला आणि अखेरचा शब्द न्यायालयांचा ठरला. या रागापोटी गव्हर्नरपदासाठी मत बदलणारे आशियाई मतदार होते आणि त्यांची तळमळ मला समजते. क्लासला घातलेलं मूल, त्यासाठी घेतलेलं महाग घर, सगळा हिशेब एका ठरावाने उलटला होता. त्याच वेळी दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खरं होतं, की ज्या मिडल स्कूलमधून वर्षानुवर्षं एकही मूल टीजेला गेलं नाही तिथे हुशार मूल जन्मालाच आलं नाही असं कुणी म्हणू शकत नाही. मला स्वतःला परीक्षा पूर्ण काढून टाकणं पटलेलं नाही. पण तो निर्णय ज्यांच्या हातात होता ते स्कूल बोर्डाचे १२ सदस्य होते आणि त्यांची निवडणूक वेगळी असते. त्या निवडणुकीला कमी लोक जातात.

एवढ्या गदारोळात जे बोललं गेलं नाही ते म्हणजे पैसा. तो विषय रुक्ष आहे हे कबूल, पण शाळेतली प्रत्येक गोष्ट त्यावर अडते, म्हणून जरा थांबून पाहू.

अमेरिकेत शाळांच्या खर्चातला केंद्राचा वाटा सर्वसाधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास असतो. उरलेला भार राज्य आणि स्थानिक सरकार वाटून घेतात. स्थानिक म्हणजे मुख्यतः घरांवरचा प्रॉपर्टी टॅक्स. व्हर्जिनियात राज्य आधी एका सूत्राने ठरवतं की अमुक इतक्या मुलांना किमान दर्जाचं शिक्षण द्यायला किती शिक्षक आणि किती पैसा लागेल. मग प्रत्येक गावाची ऐपत मोजली जाते. त्यात ५० टक्के वजन जमीन-घरांच्या किमतीला, ४० टक्के रहिवाशांच्या उत्पन्नाला आणि १० टक्के दुकानांतल्या विक्रीला. ऐपत जास्त तर राज्याचा वाटा कमी. अतिश्रीमंत गावालाही ८० टक्क्यांपेक्षा जास्त भार उचलावा लागत नाही. ऐकायला न्याय्य वाटतं. अडचण पहिल्या पायरीवरच आहे, गरजेचा आकडाच कमी धरला जातो. २००८ च्या मंदीनंतर खर्च कापण्यासाठी सूत्रात पाचर मारली गेली. शिक्षकांखेरीजच्या कर्मचाऱ्यांसाठी राज्य किती पैसे देईल यावर मर्यादा आली. मंदी संपली, मर्यादा पुढेही बरीच वर्षं तशीच राहिली.

विधिमंडळाच्याच तपासणी यंत्रणेने जुलै २०२३ मध्ये या सूत्राची चिरफाड केली. २०२१ च्या आर्थिक वर्षात सूत्राप्रमाणे शाळांना १०.७ अब्ज डॉलर पुरायला हवे होते. प्रत्यक्षात शालेय विभागांनी १७.३ अब्ज खर्च केले. मधले ६.६ अब्ज बहुतांश गावांनी स्वतःच्या तिजोरीतून घातले. ज्यांच्याकडे तिजोरी होती त्यांनी. लाउडन आणि फेअरफॅक्सकडे होती. नैर्ऋत्येकडच्या कोळशाच्या खाणींच्या काउंट्यांकडे किंवा दक्षिणेकडच्या तंबाखूच्या गावांकडे नव्हती. देशाच्या सरासरीशी तुलना केली तर व्हर्जिनियातल्या शाळांना दर विद्यार्थ्यामागे सुमारे १९०० डॉलर, म्हणजे १४ टक्के, कमी मिळत होते.

हे सूत्र बदलणं हे गव्हर्नरचा अर्थसंकल्प आणि विधिमंडळाचं मत यांच्या आवाक्यातलं काम आहे. इथे कुठलं स्कूल बोर्ड आडवं येत नाही, न्यायालय स्थगिती देत नाही. तरी त्यावर तीस सेकंदांची जाहिरात झाली नाही. उलट किराणा मालावरचा राज्याचा कर रद्द करण्याचं आश्वासन लोकप्रिय ठरलं. त्या कराचा एक भाग शाळांना जायचा ही गोष्ट मात्र बहुतेकांच्या कानावर गेली नाही. जानेवारी २०२३ पासून तो कर गेला, आणि त्याच महिन्यात उघड झालं की शिक्षण खात्याच्या हिशेबाच्या साधनात हा बदल धरलेलाच नव्हता. शाळांना मिळणार म्हणून सांगितलेल्या रकमेत २० कोटी १० लाख डॉलरची चूक निघाली. वर्षाच्या मध्यात, शिक्षक नेमून झाल्यावर.

पैशावर गव्हर्नरचा हात किती पोचतो याचं टोकाचं उदाहरण विस्कॉन्सिन राज्यात आहे. तिथले टोनी एव्हर्स आयुष्यभर शिक्षणातले, शिक्षक, मुख्याध्यापक आणि मग राज्याचे निवडून आलेले शिक्षण अधीक्षक. त्यांच्याआधीचे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी २०११ मध्ये शिक्षकांसह सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांचा वाटाघाटीचा हक्क जवळजवळ काढून घेतला होता. २०१८ ची निवडणूक शिक्षणावरच झाली आणि एव्हर्स सुमारे २९ हजार मतांनी जिंकले. २०२३ मध्ये विधिमंडळाने शाळांना दर विद्यार्थ्यामागे वर्षाला ३२५ डॉलर जास्त उभे करायची मुभा दिली, २०२४-२५ पर्यंतच. विस्कॉन्सिनच्या गव्हर्नरला खर्चाच्या विधेयकातला मजकूर तुकड्यातुकड्याने खोडायचा अधिकार आहे. एव्हर्स यांनी ‘२०२४-२५’ मधलं सुरुवातीचं ‘२०’ आणि मधली रेघ खोडली. उरलं २४२५. चारशे वर्षांची तरतूद झाली. विरोधक न्यायालयात गेले, पण एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ती वैध ठरवली. चारशे वर्षांचा निर्णय असा घेणं मला योग्य वाटत नाही, पण पेनाच्या दोन फटकाऱ्यांत शाळांचं जे बदललं ते भाषणांनी बदललं नसतं.

केंटकी राज्यात २०१८ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर मॅट बेविन यांनी पेन्शनवरून शिक्षकांशी वैर घेतलं. पेन्शनचा बदल सांडपाण्याच्या एका विधेयकात घुसवून रातोरात मंजूर करण्यात आला होता. शिक्षक रजा टाकून राजधानीत जमले. २०१९ मध्ये डेमोक्रॅट अँडी बेशिअर यांनी एका शिक्षिकेला उपगव्हर्नरपदासाठी सोबत घेतलं आणि सुमारे पाच हजार मतांनी निवडणूक काढली. ट्रम्प यांच्या बालेकिल्ल्यात. शपथ घेतल्या दिवशीच त्यांनी राज्याचं शिक्षण मंडळ बदललं.

व्हर्जिनियाकडे परत यायचं तर १९५७ मध्ये जायला हवं, कारण इथे शाळांवरून गव्हर्नर निवडला जाणं नवीन नाही. १९५१ मध्ये फार्मव्हिल गावात बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने आपल्या हायस्कूलमध्ये संप घडवला. कृष्णवर्णीय मुलांच्या त्या शाळेत जागा पुरत नव्हती, म्हणून डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत वर्ग भरत. तिथून निघालेला खटला १९५४ च्या त्या ऐतिहासिक निकालात सामील झाला, ज्याने वंशावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. व्हर्जिनियाच्या सत्ताधाऱ्यांनी निकाल न मानायचं ठरवलं. ज्या शाळेत गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एकत्र येतील ती बंद करण्याचा अधिकार कायद्याने गव्हर्नरला दिला गेला. १९५७ ची निवडणूक याच एका प्रश्नावर झाली आणि लिंडसे आमंड मोठ्या फरकाने जिंकले. सप्टेंबर १९५८ मध्ये त्यांनी नॉरफोक, शार्लट्सव्हिल आणि फ्रंट रॉयलमधल्या शाळांना खरोखर कुलूप लावलं. सुमारे १३ हजार मुलं घरी बसली, त्यांत बहुतेक गोरी. जानेवारी १९५९ मध्ये दोन न्यायालयांनी एकाच दिवशी हे कायदे मोडीत काढले. प्रिन्स एडवर्ड काउंटीने मात्र स्वतःच्या बळावर सगळ्या सार्वजनिक शाळा १९५९ ते १९६४, पाच वर्षं बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांसाठी बहुतेक काळ नियमित शाळाच नव्हती. सातव्या वर्षी शाळा सुटलेली मुलं बाराव्या वर्षी पुन्हा पहिल्या पुस्तकापाशी बसली.

१९६९ मध्ये निवडून आलेले गव्हर्नर लिनवुड होल्टन यांनी ही पाटी पुसली. ३१ ऑगस्ट १९७० ला त्यांनी आपल्या मुलीला हाताला धरून राजधानी रिचमंडच्या बहुसंख्य कृष्णवर्णीय हायस्कूलमध्ये नेऊन सोडलं. त्यांना ती सक्ती नव्हती. त्यांची दुसरी मुलगी अ‍ॅनही अशाच शाळेत शिकली आणि २०१४ मध्ये राज्याची शिक्षणमंत्री झाली, मॅकॉलिफ यांच्याच मंत्रिमंडळात. होल्टन वारले ते २८ ऑक्टोबर २०२१ ला, त्या गाजलेल्या मतदानाच्या पाच दिवस आधी. पालक आणि शाळा यांच्यावर इतकं बोललं जात असताना त्यांची आठवण थोड्यांनाच झाली, याची मला खंत वाटते.

२०२५ मध्ये पुन्हा निवडणूक झाली. रिपब्लिकन विन्सम अर्ल-सिअर्स यांनी ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांचा विषय प्रचाराच्या केंद्रस्थानी ठेवला, २०२१ चं गणित पुन्हा जुळेल या आशेवर. ते जुळलं नाही. डेमोक्रॅट अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर सुमारे १५ टक्क्यांनी जिंकल्या. शाळा उघड्या होत्या, मुखपट्ट्या गेल्या होत्या आणि वॉशिंग्टनमधल्या सरकारी नोकऱ्यांच्या कपातीने उत्तर व्हर्जिनियातली घरं हादरली होती. स्पॅनबर्गर यांच्याबरोबर हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी उपगव्हर्नर झाल्या. त्या अनेक वर्षं महाविद्यालयात शिकवत होत्या आणि राज्याच्या सेनेटमध्ये शिक्षण आणि आरोग्य समितीच्या अध्यक्ष होत्या. सूत्रातल्या त्या जुन्या पाचरेचं पुढे काय होतं ते आता रिचमंडमध्ये दर जानेवारीत सुरू होणाऱ्या अधिवेशनांत कळेल.

लाउडन-फेअरफॅक्समध्ये राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांकडे अजून मताचा अधिकार नाही. एच-वन व्हिसावर असताना किंवा ग्रीन कार्ड आलं तरी नागरिकत्व मिळेपर्यंत इथे मत देता येत नाही. पण स्कूल बोर्डाच्या बैठकीत बोलायला नागरिकत्व लागत नाही, नाव नोंदवावं लागतं. बोर्ड आणि काउंटी आपापल्या अर्थसंकल्पांवर हिवाळ्यापासून वसंतापर्यंत सुनावण्या घेतात. वर्गात किती मुलं असतील, आपल्या शाळेला समुपदेशक मिळेल का, गणिताचे वरचे वर्ग कुठे चालतील, हे त्या खोल्यांमध्ये ठरतं. बैठकांच्या तारखा प्रत्येक काउंटीच्या शालेय संकेतस्थळावर आधीच लागलेल्या असतात.